आईला काय झालं होतं?

गाठ

छातीच्या डाव्या बाजूची गाठ मला पहिल्यांदा हाताला लागली ती दिवाळीच्या पहाटे, उटणं लावताना. डॉक्टरांकडे गेले ती संक्रांतीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपून पाळणे उतरवून झाल्यावर. मधले जवळजवळ तीन महिने मी काय केलं ते आधी सांगते, कारण हे वाचणाऱ्या एखादीच्या हाताला आत्ता तशीच गाठ लागत असेल.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. नारळातून करणी कशी काढतात, रिकाम्या मुठीतून अंगारा कसा पडतो, पाण्याचे थेंब टाकून होम कसा पेटवतात, हे मुलींना करून दाखवण्यात माझा हातखंडा होता. होटगी, वळसंग भागातल्या शाळाही मला बोलवायच्या. ‘विचारा, तपासा, मग माना’ हे मी प्रत्येक नव्या वर्गाच्या फळ्यावर पहिल्या दिवशी लिहायची.

आणि स्वतःची गाठ मी तपासून घेतली नाही. दुखत नाही म्हणजे साधीच असणार. पाळी जायचं वय आहे, असं होतं. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत. एकेक कारण मी नीट मांडायची आणि मला वाटायचं, आपण विचार करतोय. खरं तर मी घाबरले होते. घाबरलेल्या माणसालाही कारणं फार सुसूत्र सुचतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी चहा घेताना विलासला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो बँकेतून नुकताच निवृत्त झाला होता. “कधीपासून?” त्यानं विचारलं. “दिवाळीपासून,” मी म्हटलं. त्यानं कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि दारात उभा राहिला. त्याच्या तोंडाकडे बघून मला पहिल्यांदा रडू आलं.

प्रश्न

तपासणीसाठी सुईनं तुकडा काढला, त्याचा निकाल आठवड्यानं आला. डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांनी फाइल मिटली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि तो शब्द स्पष्ट उच्चारला. मला ऐकू आलं, कळलंही. पण त्याच वेळी मी त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटमधले बुडबुडे मोजत होते. सतरा होते. दोनदा मोजले.

विलास वहीत लिहून घेत होता. आधी ऑपरेशन, मग केमो, मग पुढचं बघू. नंतर डॉक्टरांनी घरच्या माणसांची माहिती विचारायला सुरुवात केली. बहीण? मावशी? आत्या?

“आई?”

“मी तेरा वर्षांची असताना गेली.”

“आईला काय झालं होतं?”

“पोटाचं काहीतरी. इलाज नीट झालाच नाही. वडिलांनी देव-देव केलं.”

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले होते की ते आपोआप आलं. डॉक्टर मात्र पेन उचलून थांबल्या होत्या.

“पोटाचं म्हणजे नक्की काय? काही जुने कागद असतील का? तुम्हाला मुलगी आहे ना, म्हणून विचारतेय. तिच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे.”

आई जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती. आईला नक्की काय झालं होतं, हा साधा प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता.

मला जे माहीत होतं

आम्ही तेव्हा शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत कामाला होते. गिरणीचा भोंगा झाला की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची; तो उकळेपर्यंत अप्पांची सायकल बोळात वाजायची. अप्पांच्या केसांत, भुवयांत कापसाची पिंजण असायची. आई ती पदरानं टिपायची आणि म्हणायची, “आलं म्हातारं.” तेव्हा ते जेमतेम चाळिशीचे होते.

त्या वर्षी आईचे हात बारीक होत गेले आणि पोट मोठं. आम्हा भावंडांना वाटलं, घरात बाळ येणार. धाकट्या भावानं नावही ठरवून ठेवलं होतं. मग एक दिवस आई-अप्पा आठ दिवसांसाठी मिरजेला मामाकडे गेले. आम्ही शेजारच्या काकूंकडे राहिलो. त्या तेलुगू बोलायच्या आणि चिंचेचा भात करायच्या. शेंगदाणे घातलेला तो पिवळा भात मी आजही कुठं खाल्ला तर मला त्यांच्या घरातल्या हातमागाची खटखट ऐकू येते.

परत आल्यावर अप्पांनी भराभर रजा घ्यायला सुरुवात केली. दर पंधरा दिवसांनी आम्ही चौघं एसटीनं कुठंतरी निघायचो. अक्कलकोट. तुळजापूर. गाणगापूर. आई आदल्या दिवशी दपाटे करायची, शेंगाचटणीची पुडी बांधायची. एसटीत तिला खिडकी लागायची. वारा लागला की डोळे मिटून बसायची आणि मधेच उघडून आम्हाला शेतातलं काहीतरी दाखवायची. तुळजापूरला तिनं मला हिरव्या बांगड्या घेतल्या, मापापेक्षा मोठ्या. “हात वाढतोय की,” म्हणाली. गाणगापूरला नदीत पाय सोडून बसली आणि अप्पा ओले होईपर्यंत त्यांच्यावर पाणी उडवलं. अप्पा लटकं रागावले. आमच्या अप्पांना इतकं हसताना मी पुढं कधी पाहिलं नाही.

नळदुर्गलाही गेलो होतो. पावसाळा संपत आला होता, किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळत होतं. पायऱ्या चढताना आईला दम लागला तर अप्पांनी तिला उचललं. ती लाजली, पण उतरली नाही. तुषार अंगावर येईपर्यंत आम्ही तिथं उभे होतो. माझ्या लहानपणातला सर्वांत सुखाचा दिवस कुठला असं कुणी विचारलं तर मी तो सांगेन.

दिवाळीनंतर आई गेली. तेराव्याला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी भांडी घासता घासता म्हणालं, “दवाखाना सोडून देव धरले. कसं व्हायचं?”

कोण म्हणालं ते मला माहीत नाही. मी पाठमोरी होते. पण ते वाक्य माझ्यात शिरलं आणि घर करून राहिलं. त्या दिवसापासून मी देवाला हात जोडले नाहीत आणि अप्पांशी कामापुरतंच बोलू लागले. अप्पांनी मला कधी अडवलं नाही. बी.एस्सी.ला जाते म्हटलं, हो म्हणाले. नोंदणी लग्न करते म्हटलं, धुतलेला शर्ट घालून सहीला आले. गिरणी बंद पडली, मग ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर राबले आणि माझ्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. मी त्यांना चमत्काराच्या प्रयोगांना एकदाही बोलावलं नव्हतं, पण एकदा वळसंगच्या शाळेत मागच्या रांगेत बसलेले दिसले. मुठीतून अंगारा पाडून दाखवला तेव्हा टाळ्या वाजवत होते.

नऊ वर्षांपूर्वी, एकट्याला जमेना तेव्हा, ते आमच्याकडे राहायला आले. सोबत एक पत्र्याची पेटी आणि लाकडी देवघर आणलं. तेवढा कोपरा त्यांचा, असं ठरलं. मी अख्खं घर झाडायची, तो कोपरा सोडून.

कागद

दवाखान्यातून आले तेव्हा अप्पा व्हरांड्यात वाती वळत बसले होते. चौऱ्याऐंशीचं वय, पण बोटं स्थिर. विलासनं त्यांना आधीच फोनवर सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूची खुर्ची पुढं सरकवली.

“अप्पा, आईला नक्की काय झालं होतं?”

हातातली वात त्यांनी ताटलीत ठेवली. “डॉक्टरनं इचारलं?”

“हो.”

ते उठले, भिंतीला धरत आत गेले. देवघराच्या खालचा खण ओढल्याचा आवाज आला. पोथीची लाल फडक्यातली गुंडाळी घेऊन आले. पोथी कपाळाला लावून बाजूला ठेवली. तिच्या खाली एक घडी घातलेला कागद होता. घड्यांवर फाटलेला, मागून खळीनं पातळ कागद डकवलेला.

“इंग्रजीत हाय. मला वाचता येत न्हाय,” ते म्हणाले. “जपून ठिवा म्हनले हुते, म्हणून ठिवला.”

कागद मिरजेच्या दवाखान्याचा होता. टंकलेखनाची अक्षरं पुसट झाली होती. आईचं नाव चुकीचं लिहिलं होतं. वय सदतीस. पोटातलं पाणी काढून तपासल्याचा तो अहवाल होता. अंडाशयाचा कर्करोग, पसरलेला. खाली शाईनं कुणीतरी लिहिलं होतं, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, नातेवाइकांना कल्पना दिली.

मी तारीख पुन्हा वाचली. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर सगळं त्याच्या नंतरचं.

“मामाकडे गेला होतात ना?”

“मिरजेत कुटला मामा? आठ दिस दवाखान्यात हुतो. खालच्या आवारात झोपायचो.”

“आणि नवस?”

“नवस बोललो की. खोटं कशाला सांगू? पर आदी दवाखाना, मग नवस.” त्यांनी लाल फडकं मांडीवर सारखं केलं. “डॉक्टर म्हनला, चार म्हैने, लई तर सा. तुजी आई तितंच बसली हुती. भाईर आल्यावर म्हनली, मग हितं कशाला पडून राहू? पोरास्नी घिऊन हिंडू या. त्यास्नी काय कळू द्यायचं न्हाय. इचारलं तर देवाला चाललोय म्हनायचं. तिचाच बेत हुता तो सगळा.”

मी कागदाची घडी घातली.

“नळदुर्गात आपुन कुटल्या देवाला गेलो हुतो, सुमे?” अप्पा म्हणाले. “तिला पानी बगायचं हुतं.”

मी विज्ञान शिकवते. नळदुर्गचा तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवत होता, आणि तरी त्या दिवशी आम्ही एकाही देवळात गेलो नव्हतो ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

“मला का नाही सांगितलंत?”

“तिनं शपत घातली हुती. पोरं हसत हिंडली पायजेत म्हनली.”

“पण नंतर? ती गेल्यावर?”

अप्पांनी फडकं पोथीभोवती पुन्हा गुंडाळायला घेतलं. दोन वेढे झाल्यावर म्हणाले, “नंतर तू बोलतच न्हवतीस माज्यासंगं.”

विलास दारात उभा होता, तो आत निघून गेला. अप्पाच पुढं बोलले. “मी म्हनलं, देवावर राग धरलाय पोरीनं, ऱ्हाऊ दे. त्येला राग सोसतो. डॉक्टरावर धरला असता तर? आज तू त्या डॉक्टरीणबाईकडं गेली असतीस का?”

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तेरा वर्षांची होते तेव्हापासून ठेवलं नव्हतं. त्यांनी माझ्या केसांत हात फिरवला आणि म्हणाले, “ह्ये केस जात्यात का गं औषदानं?”

“हो.”

“येत्यात परत?”

“येतात.”

“मग झालं तर.”

ऑपरेशनचा दिवस

दवाखान्याचा दिनक्रम मला शाळेसारखा वाटला. पाचला उठवायचं, सहाला ताप-रक्तदाब, सातला झाडणारी बाई येऊन “पाय वर घ्या बाई” म्हणायची. ठरलेल्या वेळी ठरलेलं माणूस येतं याचा केवढा आधार असतो. भीती वाटायची ती मधल्या रिकाम्या वेळात.

ऑपरेशनला नेण्याआधी विलास सह्या करायला गेला होता. अप्पा खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी खिशातून कागदाची बारीक पुडी काढली आणि हातातच धरून ठेवली. उघडली नाही.

“अंगारा आहे?” मी विचारलं.

“व्हय. तुला चालत न्हाय, म्हाईत हाय. मी नुसता घिऊन बसतो.”

माझ्या मुठीतून शेकडो वेळा मी अंगारा पाडला होता. गोवरीची राख पेजेत मळून केलेली गोळी, बोटांत दाबली की चुरा होतो. आता समोर खरी पुडी होती आणि ती आणणारा माणूस ती नुसती धरून बसला होता; लावू का, असंही विचारत नव्हता.

“आत नेल्यावर पुसतात, अप्पा,” मी म्हटलं.

“पुसू देत. लावल्यालं मला बरं वाटंल.”

मी कपाळ पुढं केलं. त्यांचा अंगठा खरखरीत होता, मागाच्या सुतानं आयुष्यभर घासलेला. तो कपाळावर टेकला तेव्हा मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. देव आहे असं वाटलं नाही. माझे वडील आहेत असं वाटलं. छातीतली धडधड थोडी उतरली, तेवढं पुरेसं होतं. आत गेल्यावर सिस्टरनं स्पिरिटच्या बोळ्यानं कपाळ पुसलं. तेही बरोबरच होतं.

शमीमभाभी

केमोच्या खुर्च्या खिडकीला लागून ओळीनं होत्या. माझ्या शेजारी दर वेळी शमीमभाभी असायच्या. त्यांचे यजमान टेम्पो चालवायचे. आमचं औषध एकच, तारखाही एकच. सुई टोचताना भाभी डोळे मिटून ओठातल्या ओठात दुवा पुटपुटायच्या आणि ती संपली की लगेच डोळे उघडून बाटलीवरचं नाव वाचून घ्यायच्या.

“दुवावर विश्वास आहे ना? मग नाव कशाला वाचता?” मी एकदा विचारलं. कुत्सितपणे नाही, खरंच जाणून घ्यायला.

“दुवा मेरे दिल के वास्ते, दवा गाठ के वास्ते,” त्या म्हणाल्या. मग मराठीत, “बाई, सिस्टर पण माणूसच की. चुकू शकते.”

मला त्या फार आवडल्या. तोंड आलं होतं, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं, तेव्हा त्यांनी मला थंड दह्यात कुस्करलेला मऊ भात खायला शिकवलं. माझे केस गेले तेव्हा स्वतःच्या ओढण्यांतली एक मऊ सुती ओढणी दिली आणि आरशासमोर उभं करून कशी बांधायची ते दाखवलं. आम्ही दोघी शुक्रवार पेठेच्या आसपासच वाढलेल्या. भोंग्यांवरून वेळ कळायची ते दिवस, रविवारची सायकलवरची कुल्फी, गड्ड्यावरचा मौत का कुआँ, असं बोलत बोलत बाटली संपायची. त्या खुर्चीवर मी जितकी जुनी आठवण काढली तितकी मागच्या वीस वर्षांत काढली नसेल.

पाचव्या खेपेला त्यांची खुर्ची रिकामी होती. सिस्टरला विचारलं तर ती सलाइनची नळी तपासत राहिली. भाभी गेल्या, हे त्यावरूनच समजलं.

औषध तेच होतं. तारखा त्याच. दुवा तर माझ्यापेक्षा त्यांच्या कितीतरी जास्त. मी घरी येऊन अप्पांवर जवळजवळ ओरडलेच. “सांगा आता, कसला हिशेब आहे हा?”

अप्पा शमीमभाभींना ओळखत होते. दवाखान्यात दोन-तीनदा शेजारी बसून त्यांनी भाभींकडून मोबाइलवर भजन कसं लावायचं ते शिकून घेतलं होतं. संध्याकाळी त्यांनी दिवा लावला. रोज हात जोडून बराच वेळ उभे राहायचे. त्या दिवशी हात जोडलेच नाहीत. हात मागं बांधून नुसते दिव्याकडे बघत उभे राहिले, मग स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ बसले.

“तुमचं विज्ञान काय म्हनतंय?” त्यांनी विचारलं.

“एकच औषध दोघींना सारखं लागू पडेलच असं नाही, म्हणतंय.”

“का?”

“ते अजून पूर्ण कळलेलं नाही.”

त्यांनी मान हलवली. “माज्या देवानंबी काय सांगितलं न्हाय,” म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोघं न जेवता उठलो.

माझ्यासारख्या आजारातून जाणाऱ्यांना हे सांगायला मला जड जातं, पण लपवणार नाही. सोबतचं माणूस जातं आणि आपण उरतो. त्याचं कारण शोधण्यात मी खूप दिवस घालवले. मिळालं नाही. सहाव्या खेपेला मी तीच ओढणी बांधून गेले आणि बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचून घेतलं.

मृण्मयी

आईच्या कागदामुळे डॉक्टरांनी माझी एक वेगळी रक्ततपासणी केली. माझ्या जनुकांत आईकडून आलेला एक दोष निघाला. म्हणजे माझ्या मुलीकडे तो गेला असेल किंवा नसेल, शक्यता अर्धी-अर्धी.

मृण्मयी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, माझ्याहून कडक तर्काची. मला वाटलं ती दुसऱ्याच दिवशी रक्त देऊन येईल. ती फोनवर म्हणाली, “मला कळून घ्यायचं नाही, आई.”

मी तिला सगळं समजावलं. आधी कळलं तर काय काय करता येतं, ते मुद्द्यांसह. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. दोन महिने असेच गेले. शेवटी एका रविवारी मी समजावणं सोडलं आणि उटण्याच्या दिवसापासून संक्रांतीपर्यंतची माझी गोष्ट तिला सांगितली. कशी मी कारणं शोधत बसले होते ते. या वेळी तिनं विषय बदलला नाही. मग म्हणाली, “तू पण घाबरली होतीस?”

“खूप.”

पुढच्या आठवड्यात तिनं तपासणी केली.

निकाल यायला तीन आठवडे लागले. नाणं उडवल्यावर छापा येईल की काटा, हे ठरताना नाण्याला कुणाची दया येत नाही, हे मी मुलींना शिकवलेलं आहे. तरी त्या तीन आठवड्यांत एकदा कपडे वाळत घालताना माझ्या लक्षात आलं, मी हातात ओला टॉवेल धरून “नको, तिला नको” असं म्हणत उभी आहे. कुणाला म्हणत होते ते मला सांगता येणार नाही. लाजही वाटली नाही.

मृण्मयीच्या वाट्याला तो दोष आला नव्हता. फोनवर ती आधी हसली, मग खूप रडली. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “बरं झालं. आता तिला जेवायला सांग नीट.” देवानं केलं असं म्हणाले नाहीत. मीही अर्ध्या शक्यतेचा विषय काढला नाही.

तपासणीला

आता दोन वर्षं होत आली. केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. डावा हात पूर्ण वर जात नाही, फळ्याच्या वरच्या भागात लिहायला मुलींना सांगते. दर काही महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. अप्पा हट्टानं सोबत येतात.

मागच्या खेपेला आमच्या बाकावर एक तिशीची सून आणि तिची सासू बसली होती. अक्कलकोटकडच्या गावातून आल्या होत्या. सुनेच्या हातात फाइल होती, मला ती लांबूनच ओळखू आली. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख दिली होती आणि सासू म्हणत होती, पाच सोमवारांचं व्रत धरलंय, तेवढं होऊ दे, मग येऊ.

माझ्या आतली शाळेतली बाई जागी झाली. मी सासूला सांगायला लागले की गाठ वाढते, पाच आठवडे म्हणजे काय, हे अज्ञान आहे. ‘अज्ञान’ हा शब्द तोंडातून गेला आणि मला दिसलं, तिनं पदर घट्ट केला आणि मान दुसरीकडे वळवली. सून खाली बघू लागली. अशी कितीतरी माणसं मी माझ्या प्रयोगांच्या कार्यक्रमांतून उठून जाताना पाहिली होती.

अप्पा पुढं वाकले. “कुटला सोमवार धरलाय, ताई?”

“सिद्धेश्वराचा.”

“मीबी धरतो. साठ वर्सं झाली.” त्यांनी काठी मांडीवर घेतली. “एक सांगू का? सोमवार काय कुटं जात न्हाईत. पुडच्या म्हैन्यातबी येत्यात. दवाखान्यात झोपून धरला तरी त्यो मोजतो. पर डॉक्टरनं दिल्याली तारीक गेली म्हंजे गेली.”

सासू त्यांच्याकडे बघत राहिली. “देवाला चालंल व्हय?”

“माजी बायको गेली, तवा मी दवाखाना आदी केला आन देव मागनं. इतक्या वर्सांत त्येनं मला त्याबद्दल कदी बोल लावला न्हाय.”

सासूनं पदर सैल केला. मग तिनं माझ्याकडे, माझ्या कुरळ्या केसांकडे आणि न उचलणाऱ्या हाताकडे पाहिलं. “बाई, तुमालाबी हेच हुतं?”

“हो.”

“तुमी नवस केला हुता?”

“मी नाही. वडिलांनी केला होता.”

“मग कशानं बरं वाटलं?”

माझं उत्तर तयार होतं, आयुष्यभर तयार होतं. पण मी अप्पांकडे पाहिलं. चौऱ्याऐंशीचे शहाऐंशी झालेले, कपाळावर सकाळचा अंगारा, शर्टाच्या खिशात पुडी. त्यांच्या समोर ते म्हणावं की नाही, या विचारात माझा एक क्षण गेला.

“औषदानं,” अप्पा म्हणाले.

सासू उठली. सुनेच्या हातातली फाइल घेतली, तिच्या दंडाला धरलं आणि दोघी तारीख पक्की करायला खिडकीकडे गेल्या.